निळ्या ठिपक्याच्या नऊ कॅसेटी

धारूर,
१२ जानेवारी २०२५

आप्पा,
शरणार्थ.

फोनवर तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणता आणि नंतर रवी सांगतो, की तुम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून तुम्ही ते काढून डबीत ठेवता, हेही त्यानंच सांगितलं. मोबाईलवर लिहिलेलं तुम्हाला वाचल्यासारखं वाटत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र.

तुम्ही आणि आई पुण्याला रवीकडे गेल्यापासून युसूफ वडगावचं आपलं कॅसेटचं दुकान बंदच होतं. गेल्या आठवड्यात मी ते रिकामं करून दिलं. तुमचा मोठा डेक, अॅम्प्लिफायर आणि कॅसेटींच्या दोन पत्र्याच्या पेट्या टेम्पोत घालून धारूरला आणल्या. टेम्पोवाल्यानं विचारलं, "ताई, भंगारवाल्याकडं घ्यायचं का थेट?" मी म्हटलं, "भंगार नाही हे, आमच्या आप्पांनी भरलेल्या कॅसेटी आहेत." त्यानं गिअर टाकला. मी मात्र घाट चढेपर्यंत स्वतःवर खूश होते.

मोजल्या तर कॅसेटी एकशे त्रेचाळीस भरल्या. सिनेमाची एकही नाही. श्रावणातली भजनं, धुळाजीची सनई, मठातली प्रवचनं, जत्रेतले शाहीर. जवळजवळ प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात नाव, गाव, तारीख.

एक अडचण आहे. आतल्या फिती इतक्या जुन्या झाल्यात, की काही कॅसेटी एकदा चालतात आणि नंतर अडकून बसतात. म्हणजे जे उतरवून घ्यायचं ते पहिल्याच खेपेला. मी अकरा कॅसेटी कॉम्प्युटरवर एमपी थ्रीमध्ये घेतल्या आहेत. तुम्हाला माझं काम ठाऊक आहे. दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते, त्यांचे फोटो वीस केबीच्या आत बसवते. हाताला सवयच लागली आहे, काहीही समोर आलं की आधी लहान करायचं. रवीनंही सांगितलं, "मोनो कर, निम्म्या जागेत बसतं." सगळा संग्रह नखाएवढ्या कार्डात मावेल.

असंच पुढे करू ना?

तुमची,
कावेरी


पुणे,
२१ जानेवारी २०२५

चि. कावेरीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. पेट्या नीट आणल्यास, लई बरं वाटलं.

रवीला विचारलं, एमपी थ्री म्हणजे काय बे. त्यानं कागदावर लिहून दाखवलं, की माणसाच्या कानाला जे कळत न्हाई तेवढं काढून टाकतात, म्हणून फाईल लहान होती. मी विचारलं, कोणाच्या कानाला? माझ्या कानाला तर काहीच येत न्हाई. मंग सगळंच काढता का? तो हसला. हसलेलं दिसलं.

मला एवढं सांग, काय काढायचं ते ठरवतं कोण? धुळाजी सनई वाजवायचा तवा मधी श्वास ओढायचा. त्या श्वासाला गावातली जाणती माणसं मान हलवायची. तो श्वास यावा म्हणून मी माईक त्याच्या छातीपाशी धरून अर्धा तास उकिडवा बसलो होतो. तुझ्या मशीननं तो बिनकामाचा म्हणून काढला, तर माझ्या गुडघ्यांनी काय केलं?

तू शिकलेली हायस. नीट चौकशी कर आणि मला लिही.

कॅसेट लावायच्या आधी डेकचं हेड स्पिरिटनं पूस. कापूस कोरा पाहिजे. फीत एकदा हातानं, पेन्सिलीनं फिरवून सैल कर, मंगच लाव.

आणखी एक. नऊ कॅसेटींवर नाव न्हाई, निळ्या शाईचा ठिपका हाय. त्यांना मी सांगेपर्यंत हात लावू नको. कावून ते विचारू नको.

तुझी आई बरी हाय. खालच्या बागेत रोज फिरती. तिथल्या बायकांना पुरणाचं प्रमाण शिकवती.

आप्पा


धारूर,
३० जानेवारी २०२५

आप्पा,

तुमच्या एका प्रश्नामागे मी आठ दिवस फिरले. आता सांगते.

वेव्ह नावाचा एक प्रकार आहे. त्यात आवाज जसा आला तसा सगळाच्या सगळा राहतो, पण जागा फार लागते. दुसरा फ्लॅक. त्यातही सगळं राहतं, फक्त घट्ट दाबून ठेवतात, गादी-रजया बांधतो तसं. उघडलं की पुन्हा होती तेवढी. एमपी थ्री म्हणजे दळण. पीठ खायला उत्तम, कुठंही नेता येतं, पण पेरायला चालत नाही. रवीनं माझी एक एमपी थ्री घेतली, तिची फ्लॅक करून पाठवली आणि म्हणाला, "घे, झाली चांगली." फाईल चौपट मोठी झाली होती. धुळाजीचा श्वास मात्र परत आला नव्हता. हो, तुमचं खरं होतं. मी मूळ कॅसेट लावून दोन्ही शेजारी शेजारी ऐकल्या. लहान फाईलमध्ये तिथं नुसती फुसफुस होती.

तेव्हा मी ठरवलं आहे. सगळं फ्लॅकमध्ये. कार्ड नको, मोठी डिस्क घेतली.

आधीच्या अकरा कॅसेटी पुन्हा लावल्या. नऊ चालल्या. दोन अडकल्या त्या अडकल्याच. त्या आता कायम एमपी थ्रीच राहणार, आणि ते माझ्या लहान करायच्या सवयीमुळं. हे लिहिताना मान खाली जाते.

अजून एक सांगायचं राहिलं. तुमचं पत्र येण्याआधीच मी निळ्या ठिपक्याची एक लावली होती. त्या अकरांतलीच ती. मोनोतच घेतली. तिच्यात भजन आणि कोणा बाईचा आवाज एकमेकांत कालवल्यासारखे येतात. शब्दच लागत नाहीत. मला वाटतं, जुन्या कॅसेटीवर तुम्ही पुन्हा भरलं आणि आधीचं नीट पुसलं गेलं नाही. एवढ्या कामात एखादी बिघडायचीच, आप्पा. म्हणूनच तुम्ही हात लावू नको म्हणालात ना? मी कोणाला सांगणार नाही.

तुम्ही नको म्हणाला होतात, तरी फ्लॅकसाठी ती दुसऱ्यांदा लावली तेव्हा फीत रबरी चाकाला चिकटली आणि तुटली. अडकलेल्या दोनपैकी एक ती. बाकीच्या आठ तशाच आहेत.

तुमची,
कावेरी


पुणे,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. कावेरी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. त्यातले आठ दिवस मी रागात होतो. तीस वर्षं कॅसेटी भरल्या. "आप्पा, ही खराब निघाली" म्हणून एक माणूस परत आला न्हाई. आणि पोटची पोरगी लिहिती, बिघडली असंल, कोणाला सांगणार न्हाई.

मंग राग गेला आणि भीती वाटाया लागली, कारण तू लिहिलंस फीत तुटली. आता सगळं सांगतो.

कॅसेटीवर डावा आणि उजवा असे दोन आवाज वेगवेगळे बसतात. माझ्याकडं तीन डेक होते. एकावर सोमवारचं भजन लावलं, दुसऱ्यावर दुसरी कॅसेट, आणि दोन्ही एकदम तिसऱ्यात भरल्या. भजन डावीकडं, दुसरं उजवीकडं. अॅम्प्लिफायरवर डावं-उजवं करायचं गोल बटण हाय. ते डावीकडं फिरवलं की नुसतं भजन. उजवीकडं फिरवलं की नुसती तुझी आई.

तुझी आई गायची, कावेरी. तुला ठाऊक न्हाई कारण तुझ्या आजीच्या राज्यात सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जायचा न्हाई. तुझी आजी दर सोमवारी दुपारी मठात प्रवचनाला जायची. तुम्ही दोघं शाळेत. मी दुकानाचं शटर ओढून लहान टेप घेऊन घरी यायचो. ही एक्याण्णवची गोष्ट. असे नऊ सोमवार मिळाले.

प्रत्येक वेळी गाऊन झालं की ती म्हणायची, पुसून टाका. मी म्हणायचो, पुसलं. माझ्या आईच्या भीतीनं म्हणती असं मला वाटायचं. पुसायचं मन झालं न्हाई. घरात ठेवली तर सापडंल. म्हणून दुकानात सगळ्यांसमोर ठेवली, भजनाच्या शेजारी. गिऱ्हाईक नसलं की हेडफोन लावायचं आणि बटण उजवीकडं. कोणी आलं की हेडफोन काढायचा, बटण डावीकडं, भजन चालू. तुझी आजी स्वतः दुकानात बसून त्या भजनाला टाळ्या वाजवून गेलती.

एकदा बंकट किराणावाला म्हणाला, "आप्पा, भजनाच्या मागं बाई कोण गुणगुणती?" बटण जरा कमी फिरलं होतं. मी म्हणालो, "कॅसेट खराब हाय." माझ्या कामाला मी स्वतः खराब म्हणालो ते तेवढंच एकदा.

तू मोनो केलंस तवा दोघांना एका भांड्यात ओतलंस. त्यातून आता ती वेगळी निघत न्हाई. तुटलेली कॅसेट जोडावीच लागंल. पेटीच्या तळाला गोल डबीत जोडपट्टी हाय. साधी चिकटपट्टी लावू नको, तिचा गोंद पसरतो. दोन्ही टोकं तिरकी काप, काचेवर टोकाला टोक लाव, आणि हेडला न लागणाऱ्या बाजूनं पट्टी दे. मंग एकदाच लाव. दुसऱ्यांदा चालंल असं धरू नको.

तुझ्या आईला, मल्लम्माला, या कॅसेटी राहिल्यात हे ठाऊक न्हाई. पाकिटावर माझं एकट्याचं नाव टाकत जा.

आणि उतरवून झालं की काय ऐकू आलं ते मला लिही. ऐकायचं माझं संपलं. वाचता येतं अजून.

आप्पा


धारूर,
१५ मार्च २०२५

आप्पा,

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. नवाच्या नऊ उतरल्या, आणि जपून ठेवायला रवीकडेही पाठवल्या.

आठ आधी घेतल्या. स्टिरिओ, आधी वेव्ह, मग तिची फ्लॅक, आणि प्रत्येकीच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर. तुटलेली शेवटी. तुमची डबी सापडली. तीन दिवस मी टाकाऊ कॅसेटी कापून जोडायचा सराव केला. दुकानात फॉर्म भरायला आलेली माणसं म्हणायची, "ताई, हे काय नवीन काढलं?" खरी फीत जोडली तेव्हा तुमच्या जावयांना पंखा बंद करायला सांगितला आणि श्वास धरून बसले. चालली. जोडाच्या जागी दोनेक सेकंद गेले. बाकी पूर्ण आली, आणि शेवटाला पोचून पुन्हा अडकली. आता तिच्यातून काही निघणार नाही, पण निघायचं राहिलेलंही नाही.

मग दार लावून बसले आणि डावी बाजू बंद केली.

काय ऐकलं ते लिहिते. आधी बांगड्या वाजतात. मग तुमचा आवाज, अगदी जवळून: "हं, म्हण." मग आई म्हणते, "तिकडं बघा की, माझ्याकडं काय बघता." मग थोडा वेळ नुसतं अंगण. चिमण्या आहेत. कोणीतरी लांब ट्रॅक्टर सुरू करतंय आणि तो होत नाही.

आणि मग आई गाते. आप्पा, मी सेहेचाळीस वर्षांची आहे आणि हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आपली आई हळू बोलते, पदर तोंडाशी धरून हसते. हा आवाज तसा नाही. हा सरळ उभा राहतो. जाड आहे, जरा खरखरीत, शब्द स्पष्ट. कोणाची परवानगी मागत नाही. "बेलाची तीन पानं, एक माझं एक तुझं, तिसरं रानात राहिलं." नऊही कॅसेटींत हेच गाणं आहे. तुम्हाला इतकं आवडायचं का, की दर सोमवारी तेच म्हणायला लावलं?

चौथ्या कडव्यात चाल एकदम वर जाते. तिथं आई क्षणभर थांबते, आवाज थोडा हलतो आणि मग चढतो. नऊही वेळा. मला तीच जागा सगळ्यात सुंदर वाटली. तिथं मी रडले.

तुमच्या कामाबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. तीन डेकवरून, दुकानात बसून, दोन आवाज एकमेकांना धक्का न लावता भरणारा माणूस माझा बाप आहे, हे मी आता येईल त्याला सांगते. परवा तर मी जातीच्या दाखल्यासाठी आलेल्या एका आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं, पण माझ्या फोटोचं काय झालं?"

एक विचारायचं आहे. प्रत्येक फाईलला गाणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते. बाकी सगळ्यांची नावं तुम्हीच कॅसेटींवर लिहून ठेवलीत. या नवांच्या तिथं काय लिहू?

तुमची,
कावेरी


पुणे,
२६ मार्च २०२५

चि. कावेरी,

घोटाळा झाला.

तुझं पत्र मी गॅलरीत बसून वाचत होतो. मला वाटलं, मनातल्या मनात वाचतोय. तुझी आई आतून आली आणि समोर उभी राहिली. हातात चहाचा कप होता, तो तिनं खाली ठेवला. मंग कळलं, की मी सगळं मोठ्यानं वाचत होतो. शेजारच्या गॅलरीतल्या बाईसुद्धा इकडं बघत होत्या. बहिरा झाल्यापासून माझा आवाज कुठवर जातो ते मलाच समजत न्हाई.

तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं. पहिल्यापासून वाचलं. मंग माझी आधीची कागदं मागितली, म्हणजे तू लिहिलेली. ती पण वाचली. बोलली असंल तर तोंड फिरवून बोलली.

दुसऱ्या दिवशी रवीनं तू पाठवलेल्या फाईली लावून दिल्या. तिनं नऊही ऐकल्या. मी समोर बसलो होतो. ती डोळे मिटून होती आणि बोटानं मांडीवर ताल धरत होती. मधेच थांबवायची, मागं न्यायला लावायची, पुन्हा ऐकायची. रवीला एकदा दटावलं, कारण तो मधी बोलला.

मी कागदावर लिहून विचारलं, रागावलीस का? तिनं खाली लिहिलं, "चौतीस वर्षं खोटं बोललात." मंग त्याखाली आणखी एक ओळ लिहिली आणि खोडली. मी उजेडात धरून बघितलं, वाचता आली न्हाई.

नावाचं मी काय सांगू. आवाज तिचा हाय. तिलाच विचार. ती म्हणती, तुला पत्र लिहिणार हाय. मी बघितलं तर दिलं न्हाई.

आप्पा


पुणे,
४ एप्रिल २०२५

चि. कावेरी,

मी सातवीपर्यंत शिकले. अक्षर तुझ्या आप्पांपेक्षा बरं आहे, बघ.

तुझे आप्पा आता म्हणतात, की मी सासूबाईंच्या भीतीनं पुसा म्हणायचे. ते चौतीस वर्षं हेच धरून बसले. मला विचारायचं त्यांना सुचलं नाही. मी पुसा म्हणायचे कारण गाणं नीट झालेलं नसायचं.

हे गाणं माझ्या माहेरचं, पालीचं. माझी मावशी म्हणायची. चौथ्या कडव्यात चाल वर जाते तिथं थांबायचं नसतं. खालचा शब्द सुटायच्या आत वरचा धरायचा. मावशीला ते यायचं. मी थांबते, आवाज हलतो, मग चढते. तुला ती जागा सुंदर वाटली आणि तिथं तू रडलीस. बाळा, ती चूक आहे.

पहिल्या सोमवारी चुकले, म्हणून म्हटलं पुसा, पुढच्या सोमवारी पुन्हा म्हणते. पुढच्या सोमवारी पुन्हा चुकले. असे नऊ झाले. आप्पांना वाटलं, मी त्यांच्यासाठी तेच तेच गाते. समोर बसून तसे बघायचे, मला हसू यायचं, त्यानं आणखी चुकायचे. दहाव्या सोमवारी सासूबाई पडल्या, त्यांचं मठात जाणं संपलं, आणि माझं राहून गेलं.

नऊही मी ऐकल्या. सहावी बरी आहे. चौथी ऐकवत नाही. पण एकही टाकू नकोस आणि चुकलेली जागा कापून जोडू नकोस. रवी म्हणत होता, कॉम्प्युटरवर दुरुस्त होतं. मी त्याला म्हटलं, तुझं तू दुरुस्त कर.

आवाज चांगला होता, हे मलाही कळलं. लपवून काय करू. बागेतल्या बायकांना मी सांगितलं, की माझ्या नऊ कॅसेटी आहेत.

घरच्यांच्या ग्रुपवर पाठवायला तू लहान फाईली करशील, त्या आत्ता करू नकोस. आधी नीट झालेलं पाठवायचं. नावाच्या जागी मल्लम्मा लिही, आणि गाव पाली लिही.

गेले दहा दिवस मी सकाळी गॅलरीत म्हणून बघते. वय सत्तर झालं, दम पुरत नाही. म्हणून श्वास एक शब्द आधी घ्यायला लागले, आणि परवा ती जागा न थांबता गेली. काल दोनदा गेली. आप्पा समोर बसून माझ्या तोंडाकडं बघतात. आता बघू देते.

एकवीस तारखेला सोमवार आहे. दुकान एक दिवस बंद ठेव आणि ये. फोनवर घ्यायचं नाही, चांगला माईक घेऊन ये. ते दाबून ठेवायचं वगैरे तू नंतर कर, आधी मोठ्यातली मोठी फाईल असते त्यात घे. रवीला सांगितलं आहे, सकाळी दहा ते बारा घरात मिक्सर लावायचा नाही.

दहावी आहे. नीट होईपर्यंत उठायचं नाही.

तुझी आई,
मल्लम्मा